काडी, देठ, माती, पाणी: नाशिकच्या द्राक्ष तपासण्यांतून हाती काय येते

पिंपळगाव बसवंत, ओझर, दिंडोरी, निफाड या पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदाराला चार तपासण्या जवळपास मिळतात: माती, पाणी, पानाचा देठ आणि काडी (घड देणारी फांदी). काही ठिकाणी माणूस बागेत येऊन नमुना नेतो, काही ठिकाणी पिशवी स्वतः पोचवावी लागते. अहवाल बहुधा मोबाइलवरच येतो. हे परीक्षण कुठल्या एका प्रयोगशाळेचे नाही. या तपासण्यांतून नेमके काय कळते, त्या आकड्यांवर किती भार टाकावा आणि त्यावरून छाटणीचा किंवा खताचा निर्णय कसा घ्यावा, एवढेच इथे पाहिले आहे.

आमचे मत आधीच सांगतो. काडी तपासणी दरवर्षी घ्यावी, पण नमुना मोठा द्यावा. देठ परीक्षण एकाच पिशवीचे घेतले तर त्याचा उपयोग थोडा. जोमदार झाडांची एक आणि कमजोर झाडांची एक अशा दोन पिशव्या दिल्या तर त्याच्याइतके कामाचे साधन बागायतदाराकडे दुसरे नाही. पाणी तपासणी स्वस्त आहे आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. अहवालाच्या तळाशी छापलेली खतांची शिफारस हा या साऱ्या सेवेचा सर्वांत कच्चा भाग आहे. आकडा चुकला नसला तरी आकड्यापासून शिफारशीपर्यंतची उडी बहुतेक वेळा पुराव्याविना मारलेली असते.

काडी तपासणी

ऑक्टोबर छाटणीच्या, म्हणजे फळछाटणीच्या, आठ-दहा दिवस आधी मालकाड्या (घड देणाऱ्या काड्या) कापून द्यायच्या. प्रयोगशाळेत काडीवरच्या एकेका डोळ्याचे (जिथून नवी फूट निघते त्या जागेचे) ब्लेडने पातळ काप घेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मुख्य डोळ्यात घड आहे का, तो मोठा की बारीक, तिथे बाळी (घडाऐवजी येणारा वेटोळ्याचा तंतू) दिसते का, की डोळा आतून मेला आहे, याची नोंद पहिल्या डोळ्यापासून दहाव्या-बाराव्यापर्यंत होते. त्या तक्त्यावरून काडी किती डोळ्यांवर मारायची (किती डोळे ठेवून कापायची) ते ठरते. थॉम्पसन या बिनबियांच्या जातीच्या सरळ काडीवर खालचे डोळे बहुधा वांझ निघतात आणि घड वर सरकलेले असतात; सबकेन केलेल्या (शेंडा मारून बगलफूट वाढवलेल्या) काडीवर ते गाठीच्या आसपास सापडतात. पण हे वर्षागणिक बदलते, बागेगणिक बदलते, एकाच बागेत उतारागणिकही बदलते. म्हणूनच तपासणीला अर्थ आहे.

काम कौशल्याचे आहे. घड आणि बाळी यांची सुरुवात डोळ्यात एकाच प्रकारच्या कोंबातून होते. अर्धवट वाढलेला कोंब एकाला बारीक घड वाटेल, दुसऱ्याला बाळी. अहवालात संशयित डोळ्यांचा रकाना वेगळा ठेवणारी प्रयोगशाळा आम्हाला जास्त विश्वासाची वाटते. ‘घड आहे’ आणि ‘घड नाही’ एवढे दोनच रकाने असतील तर संशयित डोळे कुठल्या रकान्यात टाकले ते विचारून घ्यावे.

मोठी अडचण मात्र नमुन्याच्या आकाराची आहे. 9 बाय 5 फुटांवर लावलेल्या एकरात 968 झाडे बसतात. झाडाला 30 मालकाड्या धरल्या तर 29 हजारांवर काड्या झाल्या. त्यातल्या 20 दिल्या आणि सहाव्या डोळ्यावर 12 काड्यांत घड निघाला, तर अहवाल 60 टक्के म्हणेल. संख्याशास्त्राच्या 95 टक्के खात्रीच्या हिशेबाने बागेतले खरे प्रमाण 36 ते 81 टक्के यांच्यामध्ये कुठेही असू शकते. 10 काड्यांत 6 निघाले तर हा पल्ला 26 ते 88 होतो; 50 काड्यांत 30 निघाले तर 45 ते 74. आता 20 काड्यांच्या अहवालात पाचव्या डोळ्यावर 55 टक्के आणि सहाव्यावर 65 टक्के दिसले की ‘सहाव्यावर मारा’ असा सल्ला मिळतो. तो फरक फक्त दोन काड्यांचा आहे. त्यावर अख्ख्या प्लॉटची छाटणी ठरवू नये.

हा हिशेबसुद्धा काड्या कसलीही निवड न करता घेतल्या असतील तरच लागू पडतो. प्रत्यक्षात हात आपोआप जाड, गोल, तपकिरी काडीकडे जातो. मग अहवाल बागेतल्या उत्तम काड्यांचा येतो आणि कात्री मात्र सगळ्याच काड्यांवर चालते. यावर उपाय सोपा आहे. प्लॉटमधून नागमोडी चालत 50 वेगळ्या झाडांवरून एकेक काडी घ्यावी, ओलांड्याच्या (मांडवावरच्या आडव्या मुख्य फांदीच्या) दोन्ही बाजूंची मिळून. बागेत तिसरा हिस्सा काड्या बारीक असतील तर नमुन्यातही तितक्याच बारीक असाव्यात. जमल्यास बारीक आणि जाड काड्यांच्या जुड्या वेगळ्या बांधून वेगळा अहवाल मागावा, कारण दोघींची छाटणी वेगळ्या डोळ्यांवर करणे सहज शक्य असते. काडी बुडापासूनच कापावी. बुडाचा एखादा डोळा झाडावर राहिला तर मोजणीच एकाने सरकते, आणि अहवालातला सहावा डोळा म्हणजे झाडावरचा सातवा, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. जुडी ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी पोचवावी.

एवढे करूनही आकडा अंदाजाचाच राहतो. अशा वेळी कुठली चूक जास्त महाग पडेल ते पाहावे. एखादा डोळा जास्त ठेवला आणि तो वांझ निघाला तर पाच-सहा पानांवर फेलफूट (घड नसलेली फूट) काढता येते. मजुरी लागते, माल जात नाही. उलट डोळे कमी ठेवले आणि घड त्यांच्या पुढे असला तर तो छाटणीच्या ढिगात गेला, परत येत नाही. म्हणून अहवाल डळमळीत असेल तेव्हा तक्त्यातल्या डोळ्यापेक्षा एक-दोन डोळे पुढे कापावे असे आम्ही सुचवतो. एक-दोनच. चार-पाच डोळे जास्त ठेवले की शेंड्याकडचे आधी फुटतात आणि मागचे दबतात, डोळे फुटण्यासाठीची पेस्ट जास्त डोळ्यांना लावावी लागते, फुटींची गर्दी होऊन डाऊनी (केवडा) रोगाला आयती जागा मिळते आणि फळ देणारे लाकूड ओलांड्यापासून दूर सरकत जाते.

दुसरी खात्री बागेतच करून घेता येते. मुख्य छाटणीच्या 18 ते 20 दिवस आधी निरनिराळ्या ओळींतली 12 झाडे निवडावीत. चार झाडे पाच डोळ्यांवर, चार सातवर, चार नऊवर छाटून पेस्ट लावावी आणि घड बाहेर दिसू लागले की मोजावेत. प्रयोगशाळेतली नजर आणि झाडावरचे घड यांचा मेळ बसला तर निश्चिंतपणे छाटणी करावी. नाही बसला तर झाडावर दिसणाऱ्या घडाला जास्त वजन द्यावे, पण त्या बारा झाडांना लाभलेले हवामान मुख्य छाटणीला मिळेलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कारण डोळ्यात दिसलेला घड हाती येईलच असे नसते. पोंगा अवस्थेपासून (डोळा फुटू लागल्यापासून) पुढच्या काही दिवसांत काडीतला अन्नसाठा कमी पडला, ढगाळ हवा आणि पाऊस लागला, पाणी आणि नत्र जास्त झाले तर घड जिरतो, त्याची बाळी होते. त्या दिवसाच्या डोळ्यात काय होते एवढेच तपासणी सांगते. यासाठी 20 झाडांना रिबीन बांधून फुटीनंतरचे घड मोजावेत आणि अहवालातल्या टक्क्यांशेजारी लिहून ठेवावेत. दोन-तीन हंगामांत आपल्या बागेत सरासरी किती घड जिरतात ते कळू लागते. ही माहिती कुठलीही प्रयोगशाळा देऊ शकत नाही.

घड कमी का निघाले, हे मात्र काडी तपासणीत कळत नाही. 2025 चे उदाहरण घ्या. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस लागला; मोसमी पाऊस 26 मे रोजी मुंबईत पोचला होता. एप्रिल छाटणीच्या (खरड छाटणीच्या) बागा नेमक्या सूक्ष्म घडनिर्मितीच्या, म्हणजे डोळ्यात घडाचा कोंब तयार होण्याच्या, काळात होत्या. ढगांमुळे ऊन कमी, बोदात (झाडांच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यात) पाणी साचून पांढरी मुळी बंद, नत्र उचलून शेंडा धावलेला, चिखलामुळे शेंडा मारायला उशीर, त्यावर डाऊनी आणि करप्याने पानगळ, हे सगळे एकाच वेळी चालू होते. पुढे ऑक्टोबर छाटणीला नाशिकमधल्या अनेक बागांत घड कमी दिसले, तेव्हा कुणी संजीवकाला (वाढ नियंत्रित करणाऱ्या औषधाला) दोष दिला, कुणी उशिराच्या खरड छाटणीला, कुणी पोटॅशच्या कमतरतेला.

यातले काय किती कारणीभूत, हे वेगळे करायचे तर तुलना जवळच्या जवळ करावी लागते. एकाच प्लॉटचा उंच भाग आणि पाणी साचणारा भाग यांतले घड मोजले तर जात, छाटणीची तारीख, फवारण्या आणि ऊन सारखेच असते. उरलेला फरक बव्हंशी मुळीचा. एखादी फवारणी चुकून सुटलेली ओळ असेल तर ती सोन्यासारखी जपावी आणि मोजावी. लवकर आणि उशिरा छाटलेल्या बागांची तुलना मात्र जपून करावी. ज्याच्याकडे मजूर वेळेवर असतात तोच लवकर छाटतो, आणि त्याचेच शेंडे, विरळणी, फवारण्याही वेळेवर होतात. त्याचे जास्त घड तारखेमुळे आले की एकूण निगराणीमुळे, हे नुसत्या तारखा पाहून ठरत नाही.

देठ परीक्षण

पानाच्या देठात किती नत्र, स्फुरद, पालाश, सोडिअम, जस्त वगैरे आहे ते ही तपासणी सांगते. रूढ पद्धत दोन वेळांची आहे. खरड छाटणीनंतर साधारण 45 व्या दिवशी बुडापासून पाचव्या पानाचे देठ, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे देठ. अहवालातला ‘योग्य पल्ला’ त्या ठरावीक पानाचा आणि त्या ठरावीक अवस्थेचा असतो. कॅलिफोर्नियात थॉम्पसनसाठी फुलोऱ्यातल्या घडासमोरच्या देठात दीड टक्क्याच्या वर पालाश पुरेसा आणि एक टक्क्याच्या खाली कमी धरतात. हाच आकडा खरड छाटणीनंतरच्या पाचव्या पानाला लावला तर निष्कर्ष साफ चुकतो. म्हणून अहवालावर अवस्था आणि पानाची जागा छापलेली नसेल, सर्व नमुन्यांना एकच पल्ला लावलेला असेल, तर ती प्रयोगशाळा बदलावी. ही आमची ठाम शिफारस आहे.

नमुना घेण्याची रीत अशी: सकाळी, एकसारख्या वाढीच्या 150 ते 200 झाडांवरून एकेक पान घ्यावे. पान तोडल्याबरोबर पाते काढून टाकावे, नाहीतर देठातला रस पात्याकडे ओढला जातो. देठ कागदी पिशवीत भरावेत. प्लास्टिकमध्ये घाम सुटून बुरशी येते. पिशवीवर जात, खुंट (कलमाचे मुळाकडचे झाड), छाटणीची तारीख, नमुन्याची तारीख, पानाची जागा आणि शेवटची फवारणी लिहावी.

शेवटची फवारणी का लिहायची, ते महत्त्वाचे आहे. मॅन्कोझेब या बुरशीनाशकात सुमारे 20 टक्के मँगेनीज आणि अडीच टक्के जस्त असते. बोर्डो आणि इतर ताम्रयुक्त औषधांमुळे तांबे वाढते. प्रयोगशाळेत देठ साबणाच्या पाण्याने, सौम्य आम्लाने आणि शेवटी शुद्ध पाण्याने धुतात, तरी चिकटलेले सगळे निघत नाही. नाशिकच्या पावसाळी बागेत मँगेनीज, जस्त आणि तांबे यांचे आकडे म्हणूनच बहुधा फुगलेले येतात. ‘जस्त भरपूर’ असे छापून आले म्हणून जस्त बंद करणे चूक आहे. त्या रकान्यावर अशा वेळी निर्णयच घेऊ नये. लोहाचे दुखणे आणखी वेगळे. देठावरची धूळ लोह वाढवते, आणि चुनखडीच्या जमिनीत एकूण लोह पुरेसे दिसत असतानाही पान पिवळे, शिरा हिरव्या अशी स्थिती असते, कारण झाडात असलेले लोह कामाचे नसते. इथे साधी चाचणी जास्त सांगून जाते: लिटरला 2 ते 3 ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडे सायट्रिक आम्ल घेऊन चार-पाच पिवळ्या फुटींवर फवारावे, शेजारच्या फुटी तशाच ठेवाव्यात. आठ दिवसांत फवारा लागलेल्या जागी हिरवे ठिपके उमटले तर लोहच कमी होते.

आता मुख्य मुद्दा, पिशव्यांच्या जोडीचा. बागेत एका कोपऱ्यात पानांच्या कडा जळत आहेत, वाढ खुंटली आहे. बहुतेक जण तिथलेच देठ देतात, पालाश कमी असे येते आणि एकरी पाच किलो 0-0-50 (पालाशाचे विद्राव्य खत) ड्रिपमधून सोडायचा सल्ला मिळतो. त्याऐवजी त्याच प्लॉटमधल्या जोमदार झाडांचीही दुसरी पिशवी त्याच दिवशी, त्याच जागेच्या पानांची द्यावी. दोन्हीकडे पालाश सारखाच कमी आला तर जळण्याचे कारण नुसता पालाश असू शकत नाही, कारण जोमदार झाड तेवढ्याच पालाशावर उभे आहे. कमजोर भागात पालाश कमी आणि सोडिअम दुप्पट आला तर बोट पाण्याकडे किंवा निचऱ्याकडे जाते. पालाश आणि स्फुरद दोन्ही कमी, जमिनीत मात्र भरपूर, असे आले तर मुळी पाहावी. प्रयोगशाळेचा पल्ला, त्या वर्षीचे हवामान, तपासण्याच्या पद्धतीतला फरक हे सगळे दोन्ही पिशव्यांना सारखेच लागू असल्यामुळे तुलनेत ते गळून पडते.

तरी एक सापळा उरतो. टक्केवारी म्हणजे एकूण माल नव्हे. खुंटलेल्या फुटीत पदार्थ कमी असल्याने अन्नद्रव्य दाटलेले दिसते, आणि धावणाऱ्या फुटीत ते पसरून पातळ होते. नत्राच्या बाबतीत हे फार फसवते: खुंटलेल्या झाडात नत्र ‘पुरेसे’ आणि जोमदार झाडात ‘कमी’ असा उफराटा अहवाल येऊ शकतो. म्हणून प्रत्येक पिशवीबरोबर 10 फुटींची लांबी आणि पानांची संख्या मोजून लिहावी.

प्रयोगशाळेचा आकडा किती हलतो, तेही एकदा तपासून घ्यावे. 400 देठ एकत्र करून नीट मिसळावेत, दोन पिशव्या कराव्यात आणि वेगळ्या नावांनी द्याव्यात. समजा एकीचा पालाश 1.8 आणि दुसरीचा 2.1 आला, तर त्या प्रयोगशाळेकडून येणाऱ्या 0.3 पर्यंतच्या फरकाला अर्थ नाही हे समजले. याचे पैसे दुप्पट लागतात, पण हे एकदाच करायचे असते आणि पुढच्या प्रत्येक अहवालाचे वाचन त्यामुळे बदलते. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे म्हणून ही चाचणी टाळू नये. ती मान्यता आयएसओ 17025 प्रमाणे ठरावीक चाचण्यांपुरती असते. माती-पाण्याला असेल आणि देठाला नसेलही. यादी मागून पाहावी.

पालाश कमी आला आणि कारण नक्की कळले नाही, तर काय करावे? आधी जे फुकट आणि उलटवता येणारे आहे ते. ड्रिपरखाली 30 सेंटिमीटर खणून पांढरी मुळी आहे का, मुळीवर सूत्रकृमीच्या गाठी आहेत का, मातीला कुबट वास येतो का ते पाहावे. मुळी काळी आणि बोद चिंब असेल तर पाणी तोडून बोद मोकळे करावे. अशा वेळी खत सोडणे म्हणजे बंद मुळीभोवती क्षार वाढवणे. मुळी पांढरी असेल तर खत द्यावे, पण सगळ्या प्लॉटला एकदम नाही. सहा ओळी निवडून एक आड एक अशा तीन ओळींच्या लॅटरलचे (ओळीतल्या ड्रिप नळीचे) कॉक खत सोडताना बंद ठेवावेत आणि नंतर त्या ओळींना तेवढेच साधे पाणी द्यावे. कडेच्या ओळी घेऊ नयेत, आणि तिन्ही बिनखताच्या ओळी एकाच बाजूलाही नकोत, नाहीतर जमिनीतला फरक खताच्या खात्यावर जमा होतो. पंधरा-वीस दिवसांनी दोन्हींचे देठ पुन्हा द्यावेत. पालाश वाढला, पण पानांची जळ थांबली नाही, तर खत पोचले आणि कारण दुसरेच आहे. पालाश वाढलाच नाही, तर ते झाडाला मिळालेच नाही. दोन्ही निष्कर्ष पुढची पावले वेगवेगळ्या दिशेने नेतात, आणि बिनखताच्या ओळी नसत्या तर यातला एकही काढता आला नसता.

वेळेची अडचण मात्र खरी आहे. 45 व्या दिवसाचा अहवाल आठवड्याने आला तर सूक्ष्म घडनिर्मितीचा काळ संपत आलेला असतो. चालू हंगाम वाचवण्यापेक्षा पुढच्या खतनियोजनासाठी या अहवालाचा उपयोग जास्त. घाईने तपासणीपूर्वीच सगळे टाकून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. त्यांनी तपासणीचे पैसे वाचवले तरी चालतील.

माती आणि पाणी

मातीबद्दल थोडक्यात. दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे. ड्रिपच्या बागेत नमुना ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटर असा वेगळा घ्यावा. 2015 पासून मिळणारी माती आरोग्य पत्रिका बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना धरते. गावाचा कल कळायला ती ठीक, एका प्लॉटचे खत ठरवायला अपुरी. निफाडकडच्या काळ्या भारी जमिनीत पालाश भरपूर असा अहवाल येतो आणि देठात तो कमी निघतो. दोन्ही आकडे खरे असू शकतात: कॅल्शिअम-मॅग्नेशिअमची गर्दी आणि बंद मुळी यांमुळे असलेला पालाश उचलला जात नाही. एकके तपासावीत. एका कागदावर पालाश ‘के’ म्हणून आणि दुसऱ्यावर ‘के-टू-ओ’ म्हणून असतो, पहिल्याला 1.2 ने गुणले की दुसरा येतो. क्षारतेचा घोळ याहून मोठा आहे. द्राक्षासाठी दीड डेसिसायमन प्रति मीटर ही सांगितली जाणारी मर्यादा संपृक्त मातीच्या अर्काची आहे. इथल्या प्रयोगशाळा बहुधा मातीत दोन-अडीचपट पाणी घालून मोजतात, आणि तो आकडा कितीतरी कमी येतो. 0.7 पाहून बिनघोर राहणाऱ्या बागेत मुळीभोवतीची क्षारता मर्यादेपलीकडे गेलेली असू शकते.

पाण्याची तपासणी दरवर्षी दोनदा करावी, पावसाळ्यानंतर आणि एप्रिल-मेमध्ये. एकाच विहिरीचे पाणी या दोन वेळी दोन वेगळ्या विहिरींसारखे वागते, आणि कालव्याचे आवर्तन आल्यावर ते पुन्हा बदलते. पंप पंधरा-वीस मिनिटे चालवून मग लिटरभराची स्वच्छ बाटली काठोकाठ भरावी, हवा राहू देऊ नये, आणि त्याच दिवशी द्यावी. उशीर झाला की बायकार्बोनेटचा आकडा बदलतो. क्षारता, सोडिअम, क्लोराइड आणि शिल्लक सोडिअम कार्बोनेट हे चार आकडे मागावेत. शेवटचा 1.25 च्या आत चांगला, 2.5 च्या वर वाईट. बाग डॉगरिज जातीच्या खुंटावर असेल तर सोडिअमकडे विशेष लक्ष द्यावे. देठात पालाश का घसरतो याचे उत्तर अनेकदा या स्वस्त बाटलीत असते, आणि ते सापडेपर्यंत खतावर त्याच्या कैकपट खर्च झालेला असतो.

शिफारस आणि दुकान

खत विकणाऱ्याकडून ‘फुकट तपासणी’ मिळत असेल तर नमुना जरूर द्यावा, पण शिफारशीची पाने बाजूला काढून आकडे तेवढे वाचावेत. तपासणारा आणि विकणारा एकच असला की प्रत्येक कमतरतेसमोर एक उत्पादन छापले जाते, आणि ‘काही करू नका, पंधरा दिवस थांबून पुन्हा देठ द्या’ ही शिफारस कधीच येत नाही. चांगल्या अहवालात ती यायला हवी. शिफारस वाचताना तीन प्रश्न विचारावेत: हे कारण चुकीचे असेल तर या खताने नुकसान होईल का? झालेला उपयोग किती दिवसांत आणि कुठे दिसेल? तो दिसला नाही तर पुढे काय? समोरच्याला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर ते खत घेऊ नये.

शुल्क प्रयोगशाळेगणिक बदलते, म्हणून भाव विचारताना त्यात कोणते घटक येतात ते लिहून घ्यावे. सोडिअम आणि क्लोराइड पुष्कळदा स्वस्त पॅकेजमधून वगळलेले असतात. वाळवून दळलेली देठाची भुकटी कोरड्या डबीत बराच काळ टिकते, त्यामुळे आकड्याची शंका आली तर त्याच नमुन्याची फेरतपासणी मागता येते. ती भुकटी किती दिवस जपून ठेवली जाते, हे पैसे भरण्याआधीच विचारावे.